उसनी रेघ

दोन वर्षांपूर्वी, गणपती गेल्यानंतरच्या रविवारी, आम्ही सहा जण इंदूरजवळच्या महूच्या पुढे पठाराच्या कडेवरून चोरल नदीच्या अंगाला उतरत होतो. वाट कुणालाच ठाऊक नव्हती, पण प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ती होती. कुण्या अनोळखी मंडळींनी इंटरनेटवर टाकलेला ट्रॅक, तपकिरी उपग्रहचित्रावर ओढलेली लाल रेघ. आपला निळा ठिपका त्या रेघेवरून घसरू द्यायचा नाही, एवढंच आमचं काम. सागाच्या रानात एका जागी मात्र ती रेघ लोकरीच्या गुंत्यासारखी स्वतःतच अडकली होती. दहा-पंधरा फेरे, एकावर एक. आमच्यातल्या एकाला वाटलं तिथे जुनं देऊळ असणार; दुसरा म्हणाला धबधबा. पाऊण तास काटेरी झुडपं बाजूला सारत आम्ही त्या गुंत्यापाशी पोचलो. तिथे एक सपाट खडक होता आणि खडकाच्या फटीत कोंबलेली शेवेची दोन रिकामी पाकिटं.

म्हणजे ते लोक तिथे जेवायला बसले होते. जीपीएसचं यंत्र एका जागी ठेवलं तरी त्याला कळणारी जागा चार-पाच मीटर इकडेतिकडे हलत राहते, आणि ॲप बिचारं ते सगळे ठिपके इमानदारीनं जोडत बसतं. त्यांच्या जेवणाच्या सुट्टीची आम्ही यात्रा केली.

हे हसण्यावारी गेलं. पुढचं गेलं नाही. रेघ एक नाला तीन वेळा ओलांडत होती. चित्रात तो नाला म्हणजे करड्या वाळूचा एक दोरा. पहिल्यांदा घोट्याएवढं पाणी, दुसऱ्यांदा गुडघ्याएवढं, आणि तिसऱ्यांदा समोर गढूळ, फेसाळ, कमरेच्या वर जाईल असा लोंढा. पलीकडे शेळ्या घेऊन उभा असलेला एक म्हातारा हात हलवून ओरडला, "ऊपर बरस्यो हे, मत उतरजो!" आमच्या डोक्यावर तर ऊन होतं. आम्ही परत फिरलो. अंधारात चढून वर आलो, एकाचा पाय मुरगळलेला. घरी येऊन मी ती फाइल उघडली तेव्हा प्रत्येक ठिपक्याशेजारी तारीख-वेळ लिहिलेली सापडली. मे महिना. तारीख पहिल्यापासून तिथेच होती, आम्हीच पाहिली नव्हती.

तेव्हापासून आमच्या गटात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, हे मोबाइलचं खूळ बंद करा. आमच्या वडिलांच्या वेळी कुठे होते उपग्रह? दुसरा म्हणतो, ट्रॅक चांगला निवडला नाही; जास्त लोकांनी 'आवडला' म्हटलेला घ्यायला हवा होता. मला दोन्ही पटत नाही. माझं म्हणणं असं की उपग्रहचित्रं उघडून घरी बसून वाट आखणं ही आज डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकानं शिकायची पहिली विद्या आहे, आणि तयार ट्रॅक एकमेकांना वाटणं ही तिच्या नेमकी उलटी गोष्ट. नकाशा तुम्हाला जागा दाखवतो. ट्रॅक दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कुठल्यातरी दिवशी काय केलं ते दाखवतो. पडद्यावर दोन्ही एकावर एक दिसतात म्हणून आपण त्यांना एकच समजतो.

आधी नकाशाची बाजू मांडतो, कारण 'आमच्या वेळी' वाल्या पक्षाला ती नीट सांगितलीच जात नाही. आमच्या तरुणपणी नकाशा म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचा टोपोशीट, १:५०,००० प्रमाणाचा. इंदूर-महूचा मुलूख ४६ एन या चौकोनात येतो. आमच्याकडे होती ती झेरॉक्सची झेरॉक्स. जिथे उतार तीव्र तिथे समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) एकमेकींत मिसळून नुसता काळा डाग झालेला, म्हणजे ज्या जागेची माहिती सगळ्यांत जास्त हवी तीच वाचता येत नसे. मग २००५ मध्ये गूगल अर्थ आलं. आदल्या वर्षी गूगलनं विकत घेतलेल्या कीहोल नावाच्या कंपनीचं ते काम. वाटेची रेघ म्हणून आपण ज्या केएमएल फाइली पाठवतो त्यातला 'के' म्हणजे हाच कीहोल. त्याची प्रो आवृत्ती एकेकाळी वर्षाला ३९९ डॉलरला मिळायची, २०१५ पासून ती फुकट आहे. इतकं जबरदस्त हत्यार जेवणाच्या टेबलावर येऊन पडलं आणि आपण त्यावर काय पाहतो? स्वतःच्या घराचं छप्पर.

एकदा असं करून बघा. इंदूरवर कर्सर ठेवा, खाली उंची दिसेल, साधारण ५५० मीटर. आता दक्षिणेला सरकत जा. राऊ, महू, आकडा हळूहळू थोडा चढतोच. महूच्या पुढे एका ठिकाणी तो एकदम घसरू लागतो आणि महेश्वरला नर्मदेच्या पात्रापर्यंत दीडशेच्या आसपास येऊन थांबतो. माळव्याचं पठार जिथे निमाडात कोसळतं ती विंध्याची कड तुम्ही बोटानं ओलांडलीत. चित्र तिरकं करा. पश्चिमेला ८५४ मीटरचं जानापाव. तिथून चंबळ उत्तरेला निघते, यमुनेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. थोडं पूर्वेला चोरल, जी दक्षिणेला नर्मदेत पडते आणि तिच्याबरोबर खंबायतच्या आखातात. एकाच ढगातला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो तो इथे, आपल्या शहरापासून तासाभराच्या अंतरावर. शाळेत हे पाठ केलं होतं. कळलं मात्र त्या दिवशी पडद्यावर.

आता कडेवरून खाली एक रेघ तुम्ही स्वतः ओढा आणि तिचा उंचीचा आलेख मागा. माझा आवडता खेळ म्हणजे दोन आलेख शेजारी ठेवणं. पहिला रेल्वेचा. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी एक कोटी रुपये कर्ज देऊन होळकर स्टेट रेल्वे बांधवली. तिच्या सर्व्हेअरांनी १८७० च्या दशकात हीच कड उतरायची वाट शोधली, पातालपाणी ते कालाकुंड. चाळीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उतार, त्याहून तीव्र चालणार नाही, अशा हिशेबानं ती वळत, बोगद्यांतून जात उतरते. (त्याच मार्गावर २०१८ च्या डिसेंबरपासून हेरिटेज गाडी धावते, आणि कालाकुंडच्या फलाटावर पळसाच्या पानात कलाकंद मिळतो. हे नकाशात नाही.) दुसरा आलेख आम्ही उतरलो त्या उसन्या रेघेचा. एका जागी दोनशे मीटरांत नव्वद मीटर उतार. हे आदल्या रात्री दोन मिनिटांत दिसलं असतं. सहा सुशिक्षित माणसांपैकी एकानंही पाहिलं नाही, कारण रेघ आयती होती.

चित्र वाचायलाही शिकावं लागतं. नकाशांना चित्रं पुरवणारे बरेच उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास फोटो घेतात. सूर्य तेव्हा आपल्याकडे आग्नेयेला, म्हणून सावल्या वायव्येला पडतात, म्हणजे पडद्यावर वरच्या बाजूला. आपल्या डोळ्यांना मात्र उजेड वरून येण्याची सवय. परिणाम असा की दरी डोंगरासारखी दिसते आणि डोंगर दरीसारखा. मी स्वतः एका नाल्याला डोंगराची सोंड समजून त्यावरून उतरायचा बेत आखला होता. चित्र फिरवून दक्षिण वर केली तेव्हा सोंड डोळ्यांदेखत खड्ड्यात गेली. हिवाळ्यातलं चित्र असेल तर सावली लांब, आणि लांब काळी सावली म्हणजे तिच्या बाजूला कडा. पानगळीनंतरचं चित्र असेल तर सागाखालची पायवाट फिकट दोऱ्यासारखी उठून दिसते. गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रं मागेपुढे करून पाहायची सोय २००९ पासून आहे; माझ्या ओळखीच्या शंभरातल्या पाच जणांनीही ती वापरलेली नाही.

आणि आता उपग्रहचित्रांची खोटी बाजू, जी माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ आहे. कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढगापलीकडचं दिसत नाही. नकाशात लावायला निरभ्र चित्र निवडतात, आणि माळव्यात निरभ्र म्हणजे ऑक्टोबर ते मे. त्यामुळे आपल्या मोबाइलमधला विंध्य जवळपास नेहमीच कोरडा असतो. आणि आम्ही इंदूरकर डोंगरात जातो कधी? पहिला पाऊस पडला रे पडला की रविवारी पोहे-जिलेबी हाणून पातालपाणी, तिंछा, चोरल. उन्हाळ्याचा नकाशा हातात घेऊन पावसाळ्यात चालणारे लोक आम्ही. माझ्या त्या नाल्याच्या सगळ्या तारखा मी पालथ्या घातल्या. श्रावणातलं एकही स्वच्छ चित्र हाती लागलं नाही. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी फुकट चित्र देतात, पण त्यातला एक ठिपका दहा मीटरचा, माझा अख्खा नाला त्यात मावतो. शिवाय पावसाळ्यात ठिपक्याच्या जागी ढगच.

उंचीचीही तीच गत. अनेक ॲपांच्या पोटात उंचीचा जो सांगाडा आहे तो २००० च्या फेब्रुवारीत एंडेव्हर यानानं अकरा दिवसांत रडारनं मोजलेल्या जगाचा, किंवा त्यावर डागडुजी करून बांधलेला. तीस मीटरचा चौकोन, त्याला एकच उंची. दाट झाडी असेल तिथे रडार जमिनीपर्यंत नीट पोचतही नाही. पंधरा मीटरचा सरळसोट कातळ दोन चौकोनांच्या मध्ये आला तर तो पडद्यावर सौम्य उतार होऊन बसतो. सह्याद्रीत जाणाऱ्यांना याची सर्वांत मोठी साक्ष हरिश्चंद्रगडावर मिळते. कोकणकड्याचा माथा पुढे आलेला आणि पोट आत गेलेलं आहे. एका जागेला एकच उंची लिहिणाऱ्या कोष्टकात असा कडा लिहिताच येत नाही. पडद्यावर तिथे ओल्या कागदासारखं ताणलेलं, ओघळलेलं चित्र दिसतं. प्रस्तरारोहण करणाऱ्यांनी तर हे उघडच समजावं की वरून पाहणाऱ्याला भिंत दिसत नाही, भिंतीची वरची कड दिसते. त्यांना समोरच्या टेकडीवरून दुर्बिणीनं पाहिलेलं जास्त कामाचं.

मग इतकं अपुरं साधन मी कशासाठी डोक्यावर घेतोय? कारण स्वतः आखायला बसलं की ही अपुरेपणाची ठिकाणं तुम्हाला एकेक करून भेटतात. इथे सावली का? हा नाला भाद्रपदात कसा असेल? इथे रेषा तुटली, पुढे पायवाट आहे की शेत? मी आता आखलेला तुकडा कागदावर छापून घेतो आणि पेन्सिलीनं प्रश्नचिन्हं काढतो. शनिवारी रात्री टेबलावरून उठताना माझ्या कागदावर वाटेपेक्षा प्रश्नचिन्हं जास्त ठळक असतात. रविवारी मी ती तपासायला जातो, आणि पहिल्या प्रश्नचिन्हाशी पोचलो की कुणाला तरी विचारतो. आयत्या ट्रॅकमध्ये हे सगळं पुसून टाकलेलं असतं. जिथे त्या माणसानं अर्धा तास विचार केला, मागे फिरला, गुराख्याला विचारलं, नशिबानं वाचला, तिथेही तीच एकसारखी लाल रेघ. त्याची शंका फाइलमध्ये उतरत नाही, फक्त त्याचे पाय उतरतात.

हे केवळ आपल्याकडचं रडगाणं नव्हे. स्कॉटलंडमध्ये बेन नेव्हिस हा १,३४५ मीटरचा, ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर आहे. गूगलच्या नकाशावर पार्किंगच्या जागेपासून शिखरापर्यंत जी ठिपक्यांची रेघ दिसत होती ती जीवघेणी ठरू शकते, असा जाहीर इशारा २०२१ च्या जुलैमध्ये तिथल्या गिर्यारोहणाच्या आणि निसर्गरक्षणाच्या संस्थांना द्यावा लागला. डोंगर जुनाच, पायवाट मळलेली, संस्था शंभर. तरी लोक रेघेमागे गेले. रेघेत एक हुकूम असतो. माणूस तिच्याशी वाद घालत नाही.

ट्रॅकच्या बाजूनं दोन गोष्टी मात्र मान्य करायला हव्यात. एक, चुकलेल्या माणसाला परत यायला त्याची स्वतःची रेघ वाचवते. जाताना नोंदवत जायचं आणि धुकं उतरलं की तिच्यावरूनच उलटं फिरायचं. यासारखं साधन नाही. यासाठी मोबाइलला रेंज लागत नाही हेही पुष्कळांना माहीत नसतं; जीपीएस आकाशातून ऐकतं, टॉवरकडून नाही, फक्त नकाशा घरून उतरवून घ्यायला हवा. दोन, शोधपथकाला 'इथून गेले होते' असं सांगणारी फाइल घरी ठेवून जाणं शहाणपणाचं. पण या दोन्ही ठिकाणी रेघ तुमची आहे, आजची आहे. माझं भांडण दुसऱ्याच्या, शिळ्या रेघेशी आहे.

'आम्ही नकाशाशिवाय हिंडलो' म्हणणाऱ्यांना मात्र मी सवलत देत नाही. ते नकाशाशिवाय नव्हते, त्यांच्याबरोबर वाटाड्या होता. चहा-विडीवर दिवसभर चालणारा, कुठला नाला किती वेळात चढतो हे ठाऊक असलेला माणूस. आपण त्याला घरी पाठवलं आणि जागेवर ट्रॅक आणला, कारण ट्रॅक फुकट आहे. त्या रविवारी आम्हा सहांना ज्यानं वाचवलं तो शेळीवाला आमच्या कुठल्याच फाइलमध्ये नव्हता.

इथे प्रश्न खासगी राहत नाही. २०११ च्या जुलैत पातालपाणीला अचानक आलेल्या लोंढ्यात सहलीला आलेली माणसं वाहून गेली. काठावरून घेतलेलं ते चित्रीकरण देशभर दाखवलं गेलं, आणि इंदुरात असं घर नसेल जिथे ते आठवत नाही. पाऊस वर पडतो आणि लोंढा खाली येतो, खाली ऊन असताना येतो. हे चोरलच्या खोऱ्याचं व्याकरणच आहे. यावर दर पावसाळ्यात उत्तर ठरलेलं, मनाईहुकूम. फलक लागतात, शिपाई उभा राहतो, आणि लोक ट्रॅक उघडून शिपायाला वळसा घालून मागच्या नाल्यानं उतरतात. मनाईनं गर्दी पातालपाणीच्या कठड्यावरून उचलून बिनकठड्याच्या, बिनशिपायाच्या रानात नेऊन ठेवली, हे आम्ही दर रविवारी डोळ्यांनी पाहतो. एक ट्रॅक गाजला की महिन्याभरात त्याच्यावर मोटारसायकली उभ्या, कुणाच्या मक्याच्या बांधावरून पाऊलवाट, आणि गावकऱ्यांशी बाचाबाची.

मनाईऐवजी नकाशा द्या, असं मला म्हणायचं आहे. अडचण कायद्याची राहिलेली नाही. २००५ च्या नकाशा धोरणानं लोकांसाठी वेगळी मालिका सुरू झाली, सर्व्हे ऑफ इंडियाचे ते नकाशे आज घरबसल्या मिळतात, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्रानं भारतीयांसाठी नकाशे बनवण्यावरची परवान्यांची कटकट जवळजवळ संपवली. इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ २००९ पासून आहे. सिमरोलला, नेमकं याच कडेवर, आयआयटी उभी आहे. चोरलच्या खोऱ्याचा एक पावसाळी नकाशा बनवायला याहून काय हवं? कुठला नाला कुठल्या टेकडीचं पाणी घेतो, वर पाऊस झाल्यावर लोंढा कुठे आणि साधारण किती वेळात पोचतो, कुठे ओलांडू नये, कुठल्या गावात विचारावं. यातलं निम्मं काम उपग्रह करेल. उरलेलं निम्मं त्या खेड्यांतल्या लोकांना मोबदला देऊन विचारावं लागेल, आणि नकाशावर त्यांच्या गावाचं नाव मोठ्या अक्षरांत घालावं लागेल. वनखात्यानं त्यांच्यातूनच वाटाडे नेमावेत. त्यांची दिवसाची मजुरी आपल्या एका वेळच्या खाऊगल्लीच्या बिलापेक्षा जास्त होणार नाही.

आपल्या मराठी मंडळांनाही इथे काम आहे. गणेशोत्सवात मोदक-स्पर्धा होते, रांगोळी होते; एक संध्याकाळ नकाशावाचनाची ठेवा. प्रोजेक्टर आहेच. पोरं शेवटच्या रांगेत बसून मोबाइल पाहतातच, तोच पुढे बघायला सांगा. आणि हिंडणाऱ्या गटांनी आपसांत एवढा नियम करावा: महिना, पाण्याची पातळी, कुणाला विचारलं आणि कुठे अडलो, या चार गोष्टींशिवाय ट्रॅक पुढे ढकलायचा नाही. "भिया, लोकेशन डाल दे" असं कुणी म्हटलं तर आधी विचारायचं, कुठल्या महिन्यात चाललास?

पुण्याचा माझा भाचा गेल्या महिन्यात म्हणाला, "मामा, दिवाळीत येतोय, त्या चोरलच्या वाटेचा ट्रॅक टाक ना." मी त्याला माझ्या कागदाचा फोटो पाठवला. समोच्च रेषा, पेन्सिलीच्या खुणा, सात प्रश्नचिन्हं. पाच मिनिटांनी त्याचा फोन आला. "यात वाट कुठाय?" मग थोडा वेळ काही बोलला नाही, बहुतेक फोटो मोठा करून पाहत होता. "हे चौथं प्रश्नचिन्ह, दोन सावल्यांच्या मधलं, तिथे काय आहे?" मी म्हटलं, ये, बघू.